फरशीखालची वाट

घराचे बांधकाम जोत्यापर्यंत आले, की एक दिवस असा उगवतो, की त्या दिवसाच्या कामाकडे गवंडी आणि नळकारागीर यांच्याखेरीज कोणाचेही लक्ष नसते. जोत्याच्या आतील भर धुमसून बसवलेली असते. तीत एक अरुंद चर खणलेला असतो. चराच्या तळाशी काँक्रीटचा थर, त्यावर मैल्याचा नळ, नळाच्या एका तोंडाशी शौचकूपाची जागा आणि दुसरे तोंड भिंतीपलीकडच्या लहानशा हौदीत. दोन-चार दिवसांत वरून काँक्रीट पडते, लाद्या बसतात, आणि वास्तुशांतीला आलेले पाहुणे भिंतींचा रंग नि खिडक्यांच्या गजांची नक्षी वाखाणून जातात. त्या नळाचे दर्शन पुन्हा कोणाला घडत नाही. घडलेच, तर तो दिवस घरधन्याच्या दृष्टीने शुभ नसतो.

मानवाच्या इतिहासात राजवाडे, किल्ले आणि मंदिरे यांच्याविषयी जेवढे लिहिले गेले, त्याचा शतांशही या फरशीखालच्या वाटेविषयी लिहिला गेला नाही. वस्तुतः शहर नावाची गोष्ट टिकते ती तिच्या आधारावर. शिवाय या वाटेच्या इतिहासात एक प्रश्न सतत दडलेला आहे. घरातील मैला घराबाहेर जायचा आहे, हे तर निश्चित. तो नेणार कोण, उतारावरून वाहणारे पाणी, की माणूस?

या कारागिरीचा मराठी भाषेशी असलेला संबंध प्रारंभीच सांगावयास हरकत नाही. भारतभर, मराठी न बोलणाऱ्या प्रांतांतसुद्धा, इमारतींच्या अंदाजपत्रकांत दोन शब्द हटकून आढळतात: 'नहाणी ट्रॅप' आणि 'ब्रिकबॅट कोबा'. दूरच्या प्रांतातील कंत्राटदाराला ते दोन्ही शब्द मुळापासून इंग्रजीच वाटत असावेत. परंतु पहिल्यातील नहाणी ही पश्चिम किनाऱ्यावरच्या घरांतील न्हाणी होय, आणि दुसऱ्यातील कोबा हा विटांचे तुकडे व चुना चोपून चोपून केलेला आपल्या गवंड्यांचा कोबा होय. फरशीखालच्या विद्येने साहेबाकडून पुष्कळ घेतले. ती रुजली मात्र इथल्या गवंड्यांच्या तोंडी, आणि म्हणून इथले दोन शब्द तिला कायमचे चिकटले.

या विद्येचा सर्वांत जुना आणि थक्क करणारा पुरावा सिंधूच्या खोऱ्यात सापडला. १९२२ पासून मोहेंजोदडो येथे जे उत्खनन झाले, त्यात चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची न्हाणीघरे उजेडात आली. विटा घासून त्यांच्या कडा जुळवलेल्या, सांध्यात नखही शिरू नये इतक्या घट्ट बसवलेल्या, आणि सगळी फरशी एका कोपऱ्याकडे किंचित उतरती. त्या कोपऱ्यातून पाणी भिंतीतील पन्हळीने रस्त्याच्या गटारात जाई. गटारांवर विटांची वा दगडांची झाकणे असत, आणि गाळ बसावा म्हणून मधूनमधून खड्डे केलेले असत. गुजरातेतील लोथल येथेही हीच पद्धत आढळली. फरशीला ढाळ हवा, सांधा घट्ट हवा, वाट झाकलेली हवी आणि ती उपसण्याची सोय हवी, ही चारही तत्त्वे त्या गवंड्यांना अवगत होती. ती नगरे लयाला गेली आणि ही विद्याही विसरली गेली.

रोमची गोष्ट अधिक बोधप्रद आहे, कारण रोमन लोकांजवळ सर्व साहित्य होते. काँक्रीट त्यांचेच. शिशाचे नळ त्यांचेच. शिशाच्या लॅटिन नावावरून पुढे नळकारागिराला 'प्लंबर' हे नाव पडले. त्यांचे महागटार, क्लोआका मॅक्सिमा, अडीच हजार वर्षांनंतरही अस्तित्वात आहे. इतके असूनही पाँपेईसारख्या शहरात बहुतेक घरांनी आपले शौचकूप रस्त्याखालच्या गटाराला जोडले नाहीत. ते घरातल्याच खड्ड्यावर, पुष्कळदा स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात ठेवले. आज हे चमत्कारिक वाटते. कारण मात्र सरळ आहे. मैला खाली जाण्यासाठी जी वाट करावी, त्याच वाटेने गटारातील दुर्गंधी, उंदीर आणि पुराचे पाणी घरात वर येई. एकाच दिशेने चालणारी वाट रोमन अभियंत्यांना करता आली नाही. त्यांनी डोंगर पोखरले, दऱ्यांवरून पाणी आणले, आणि वीतभर नळापाशी मात्र त्यांची बुद्धी अडली.

ही अडचण ज्याने सोडवली तो ना अभियंता होता, ना वैद्य. अलेक्झांडर कमिंग हा एडिंबरोचा, लंडनमध्ये घड्याळे करणारा कारागीर. १७७५ मध्ये त्याने शौचकूपाचे एक पेटंट घेतले. त्यापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे, १५९६ मध्ये, सर जॉन हॅरिंग्टन याने पाणी सोडून धुतला जाणारा शौचकूप वर्णन करून ठेवला होता. पण तोही रोमन कारागिरांप्रमाणेच दुर्गंधीपाशी अडला. कमिंगने काय केले? शौचकूपाखालील नळ त्याने सरळ खाली न नेता इंग्रजी 'एस' अक्षराप्रमाणे वाकवला. नळ आधी खाली झुकतो, मग वर उचलला जातो, आणि मग पुन्हा खाली जातो. त्या झुकलेल्या भागात थोडे पाणी नेहमीच साचून राहते. वरून पाण्याचा लोट आला, की जुने पाणी मैल्यासह पुढे ढकलले जाते आणि त्याची जागा नवे पाणी घेते. त्या दोन-तीन इंच पाण्यातून मैला खाली जातो, पण वायू वर येत नाही. पाण्याचेच बूच! त्याला बिजागरी नाही, ते झिजत नाही, गंजत नाही, आणि प्रत्येक वापरागणिक आपोआप बदलले जाते. गंमत अशी, की घड्याळजीच्या स्वभावाला अनुसरून कमिंगने त्या वळणाच्या वर एक सरकती झडपही बसवली होती. ती झडप अडकू लागली, म्हणून १७७८ मध्ये जोसेफ ब्रामा या सुताराने तिच्या जागी दुसरी आणली. पुढे शंभर वर्षांत झडपा कालबाह्य झाल्या; ते साधे वळण राहिले. आज मुंबईच्या उंच इमारतीत आणि खेड्यातील खड्ड्यावरच्या शौचालयात जो ट्रॅप बसतो, तो याच वळणाचा वंशज आहे.

एवढा शोध लागल्यावर सारे सुरळीत व्हावयास हवे होते. झाले उलटेच. लंडनमधील श्रीमंतांनी हौसेने पाण्याचे शौचकूप बसवले, पण फरशीखालचा नळ बहुधा जात होता तो तळघरातील जुन्या मैलाखड्ड्यात. हे खड्डे घट्ट मैल्यासाठी बांधलेले होते. त्यांत आता घागरीमागून घागरी पाणी पडू लागले. ते भरून वाहू लागले, विटांच्या सांध्यांतून झिरपू लागले. या झिरपण्याने काय अनर्थ होतो, याचे उदाहरण १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर घडले. त्या वस्तीत कॉलऱ्याने काही आठवड्यांत सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो याने मृतांची घरे नकाशावर मांडून दाखवले, की साथीचे मूळ रस्त्यावरच्या एका हातपंपाच्या पाण्यात आहे. पण ते पाणी नासले कशाने? त्याच वस्तीतील हेन्री व्हाइटहेड हा तरुण धर्मोपदेशक घरोघर चौकशी करीत गेला. पंपाला अगदी लागून असलेल्या चाळीस क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल हगवणीने साथीच्या आरंभीच दगावले होते, आणि त्याच्या आईने दुपट्यांचे पाणी तळघरातील मैलाखड्ड्यात ओतले होते. १८५५ मध्ये ती जागा उकरून पाहण्यात आली. खड्ड्याच्या आणि नळाच्या विटा ढिल्या झालेल्या, आणि विहीर तेथून तीन फुटांच्या आत. म्हणजे सहाशे जिवांचा घात करणारी ती वस्तू फरशीखाली होती. ती इतकी दिवस तेथे होती, आणि तिच्यावरून माणसे रोज ये-जा करीत होती.

मैलाखड्डे बुजवून सर्व नळ गटारांना जोडण्याचा उपक्रम त्यापूर्वीच सुरू झाला होता. पण गटारे कोठे जात होती? थेम्स नदीत. आणि लंडनचे पुष्कळसे पिण्याचे पाणीही थेम्समधूनच येत होते! अर्धवट केलेली सुधारणा न केलेल्या सुधारणेपेक्षा घातक ठरू शकते, याचे याहून ठळक उदाहरण विरळाच. १८५८ च्या उन्हाळ्यात नदी इतकी नासली, की पार्लमेंटच्या खिडक्यांना चुनायुक्त औषधात भिजवलेले पडदे लावावे लागले. वर्षानुवर्षे रखडलेला कायदा मग अठरा दिवसांत मंजूर झाला. जोसेफ बॅझलजेट या मुख्य अभियंत्याने नदीला समांतर अशी ८२ मैलांची विटांची मुख्य गटारे बांधली आणि शहराचा मैला पूर्वेकडे दूर नेऊन सोडला. १८२४ मध्ये पेटंट झालेले पोर्टलंड सिमेंट तोवर फारसे विश्वासार्ह मानले जात नसे. बॅझलजेटने ते मोठ्या प्रमाणावर वापरले, आणि येणारा माल कसून तपासून घेण्याची शिस्त घालून दिली. १८६६ मध्ये लंडनमध्ये पुन्हा कॉलरा आला, तेव्हा त्याने मुख्यतः पूर्वेकडचा भाग गाठला. त्या भागातील गटारांचे काम अद्याप पुरे व्हायचे होते.

रस्त्याखाली गटारे झाली. घराच्या फरशीखाली काय आहे, हे मात्र कोणी पाहिले नव्हते. ते पाहण्याची बुद्धी एका राजपुत्राच्या आजाराने झाली. १८७१ च्या शरद ऋतूत राणी व्हिक्टोरियाचा ज्येष्ठ पुत्र, पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला युवराज, स्कारबरो येथील एका उमरावाच्या वाड्यात पाहुणा म्हणून राहिला. परतल्यावर तो विषमज्वराने अंथरुणाला खिळला. त्याच वाड्यातील दुसरा पाहुणा, चेस्टरफील्डचा अर्ल, मरण पावला. युवराजाचा एक मोतद्दारही गेला. दहा वर्षांपूर्वी राणीचा पती याच रोगाने गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते, त्यामुळे देशभर हाय खाल्ली गेली. युवराज वाचला. पण वाड्याचे सदोष नळ हे आजाराचे कारण म्हणून सर्वतोमुखी झाले, आणि आपल्या शयनगृहाखाली काय आहे, हा प्रश्न इंग्लंडातील प्रत्येक सुखवस्तू गृहस्थाला पडला.

फरशा उचलल्या जाऊ लागल्या. जे दिसले ते पाहून लोक चक्रावले. लीड्स येथील शल्यचिकित्सक टी. प्रिजिन टील याने घराघरांतील असे दोष जमवून १८७८ मध्ये त्यांचे एक चित्रमय पुस्तकच प्रसिद्ध केले. घर उभे कापून दाखवावे, तशी त्यातील चित्रे आहेत. वर दिवाणखाना, गालिचा, दिवे, खाली नळ. कोठे नळाच्या तुकड्यांच्या सांध्यांत सिमेंटच भरलेले नाही. कोठे नळ उताराऐवजी चढावर घातलेला. नळ घातला, फरशी केली, पैसे घेतले! त्या गवंड्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु जे काम दुसऱ्याच दिवशी डोळ्यांआड व्हायचे, ज्याची परीक्षा कोणी घेत नाही, आणि ज्याचा दोष उघडकीस यायला वर्षे लागतात, ते काम सचोटीने करवून घेण्याची रीतच समाजाने घातलेली नव्हती.

ती रीत आता पडू लागली. तपासनीस घराच्या वरच्या टोकाशी नळात पेपरमिंटचे तेल गरम पाण्याबरोबर ओतीत, आणि दुसरा माणूस खालच्या खोल्या हुंगत फिरे. दिवाणखान्यात पेपरमिंटचा वास आला, की फरशीखाली सांधा फुटला आहे हे सिद्ध होई. ज्याने तेल ओतले त्याने खाली यायचे नाही, असा दंडक असे, कारण त्याच्या अंगाचाच वास घरभर पसरे. कोठे नळात धूर कोंडून पाहत. पण सर्वांत कठोर परीक्षा पाण्याची. फरशी टाकण्यापूर्वी नळाचे खालचे तोंड घट्ट बंद करायचे, नळ काठोकाठ भरायचा, आणि पाण्याची पातळी उतरते का, हे पाहत बसायचे.

इथे एक विनोदही आहे. त्या काळच्या बहुसंख्य वैद्यांची समजूत अशी, की रोग होतो तो गटारातील दूषित हवेने. ती समजूत चुकीची होती. १८८० मध्ये एबर्टने विषमज्वराचा जंतू पाहिला. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूवरील आपले संशोधन पुरे केले. रोग हवेतून नव्हे, मैल्याने नासलेल्या पाण्यातून आणि अन्नातून येत होता. परंतु चुकीच्या सिद्धांताने सुचवलेला उपाय योग्य निघाला. हवा बाहेर येऊ नये म्हणून जो सांधा घट्ट केला, त्यातून मैलाही झिरपेनासा झाला.

याच पंचवीस-तीस वर्षांत ही विद्या नियमबद्ध झाली. खापरी नळ आतून-बाहेरून काचेसारखा चकचकीत केलेला. जिथे भार येतो तिथे बिडाचा. चराच्या तळाशी काँक्रीट, कारण माती खचली तर नळाचा कणा मोडतो. ढाळ चार इंची नळाला चाळिसात एक, म्हणजे चाळीस फूट लांबीला एक फूट उतार. सहा इंचीला साठात एक. ढाळ कमी पडला तर मैला वाटेत बसतो. जुने कारागीर असेही बजावीत, की ढाळ फाजील झाला तर पाणी पुढे पळते आणि घन मैला मागे राहतो. वळणे कमीत कमी, आणि जिथे वळण टळत नाही तिथे वरून उघडता येईल अशी हौदी. शिवाय नळाला छपरापर्यंत नेलेला एक हवेचा उभा नळ. कारण अनुभवाअंती असे दिसून आले होते, की वरच्या मजल्यावर पाणी सोडले, की त्याच्या ओढीने खालच्या ट्रॅपमधील पाणी शोषले जाते, आणि कमिंगचे बूच आपोआप निघून येते. आज खापरी नळाच्या जागी प्लास्टिकचा नळ आला आहे. बाकीचे शास्त्र जवळजवळ जसेच्या तसे आहे.

ही विद्या मुंबईला आली तेव्हा इथे काय होते? जुन्या मराठीत संडासाला 'शेतखाना' असा एक शब्द होता. त्याचा शेताशी संबंध नाही. आरोग्यवाचक 'सेहत' शब्दापासून तो आला आहे. मैला नेणाऱ्याला 'हलालखोर' म्हणत, म्हणजे कष्टाची भाकरी खाणारा. हे नाव अकबराने दिल्याचे 'ऐन-ए-अकबरी'त नमूद आहे. नावे अशी गोड, आणि काम असे! मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' या नावाचा एक करच होता. घरमालकाने कर भरायचा, पालिकेने माणसे पाठवायची.

ती माणसे येत कोठून, हे जुन्या चाळी पाहिल्यावर कळते. दोन चाळींच्या पाठी एकमेकींकडे, आणि मध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी गल्ली. प्रत्येक मजल्यावरच्या संडासाखालून एक उभे भुयार त्या गल्लीत उतरे. तळाशी टोपली. पहाटे हलालखोर त्या गल्लीत शिरे, टोपली काढी, मैला आपल्या भांड्यात ओती, आणि तो डोक्यावर घेऊन बाहेर पडे. पावसाळ्यात काय होत असेल, हे वर्णन करण्याची गरज नाही. चाळीच्या नकाशावर जिना, सज्जा, न्हाणी असे सर्व काही दाखवलेले असे. नळाची जागा रिकामी असे, आणि त्या रिकाम्या जागेत माणूस चाले.

मुंबईत नळ घालणे सोपे नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. मैला वाहायला भरपूर पाणी लागते. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी येईपर्यंत शहर विहिरी व टाक्यांवर जगत होते. दुसरी अडचण भूगोलाची. समुद्र हटवून मिळवलेल्या शहराच्या सखल भागाची पातळी भरतीच्या पाण्याहूनही खाली. ढाळ द्यायचा तरी कोणीकडे? म्हणून मैला एका जागी जमवून वाफेच्या पंपांनी उपसावा लागला. वरळीचे लव्ह ग्रोव्ह उदंचन केंद्र ही त्याचीच निष्पत्ती. परंतु रस्त्याखाली गटार आले तरी घरमालकाने आपल्या फरशीखालून त्याला नळ जोडलाच पाहिजे, असे थोडेच होते? जोडणीला खर्च येई. हलालखोर स्वस्त होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि सारा रोष गटारांकडे वळला. रोज समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड गटारांतून सोडण्यात येऊ लागले. लंडनमध्ये चुकीच्या सिद्धांतातून योग्य उपाय निघाला होता. इथे ते भाग्यही लाभले नाही. प्लेग गटारातून येत नव्हता, तो उंदरांवरच्या पिसवांतून येत होता, हे १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच संशोधकाने दाखवले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते केले. मागल्या गल्ल्यांतील टोपल्या मात्र पुढेही अनेक दशके उचलल्या जात राहिल्या.

या प्रश्नाची दुसरी बाजू नळाने सुटणारी नव्हती. नळ स्वस्त झाला, सिमेंट मिळू लागले, तरी माणूस का चालत राहिला? कारण तो माणूस एका ठरावीक जातीचा होता, आणि ते काम त्याच्या जन्माला बांधलेले आहे असे बाकीचे समजत होते. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीकाम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. उच्च जातीच्या कैद्याला ते काम देता येत नाही, असे तुरुंगाच्या नियमांचे उत्तर! मोरीत टाकण्याच्या वस्तूलाही सरकारने जात लावली होती. अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी त्या डिसेंबरात येरवड्यात गांधीजींनी उपवास आरंभिला. पुढे अप्पासाहेबांनी कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून याच कामाला आयुष्य वाहिले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी केली. १९५७ मध्ये केंद्राने प्राध्यापक मलकानी यांची समिती नेमली. दोन्ही समित्यांनी डोक्यावरून मैला नेण्याची प्रथा बंद करण्याचे मार्ग सुचवले. प्रथेवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा येण्यास मात्र १९९३ साल उजाडावे लागले, आणि अधिक व्यापक कायदा २०१३ मध्ये झाला. जिथे गटारच पोहोचलेले नाही, तिथे दोन खड्ड्यांचे शौचालय हा उपाय १९७० पासून बिंदेश्वर पाठक यांच्या संस्थेने बिहारमधून देशभर नेला. त्याच्या भांड्याखालीही कमिंगचेच वळण आहे. फक्त ते उथळ केलेले, म्हणजे तांब्याभर पाण्याने भागावे.

डोक्यावरची टोपली उतरली, पण माणूस वाटेतून पुरता बाजूला झाला असे नाही. नळ तुंबतो. हौदी तुंबते. रस्त्याखालच्या गटाराचे लोखंडी झाकण उचलले जाते आणि आत माणूस उतरवला जातो. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. प्रमाण वाढले की त्याचा वास येणेच बंद होते आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. सुरक्षा-साधनांवाचून कोणालाही गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. बातम्या तरीही येतच असतात.

गटार तुंबण्याची कारणे पुष्कळ; त्यांतील काही घराच्या फरशीखालीच सुरू होतात. ढाळ चुकलेला, वळणावर हौदी न ठेवलेली, सांध्यातून सिमेंट आत ओघळून खडबडीत झालेले, काम चालू असताना उघड्या तोंडातून आत पडलेले विटांचे तुकडे. म्हणून जाणता नळकारागीर कोब्याची घाई करू देत नाही. तो नळाचे वरचे तोंड गोणपाटाने बांधून ठेवतो. पाणसळ लावून प्रत्येक तुकड्याचा ढाळ पाहतो. मग खालच्या तोंडाला बूच ठोकून नळ पाण्याने भरतो, पातळीशी कोळशाने एक रेघ ओढतो, आणि विडी पेटवून शेजारी बसून राहतो. गवंड्यांचा मुकादम दोनदा येऊन विचारून जातो, माल कालवायचा का. कारागीर वाकून रेघेकडे पाहतो आणि अजून थोडे थांबा म्हणतो.